डेव्हलपमेंटची साधने वेगवेगळ्या कंटेनर इमेजमध्ये कशी विभागावीत

कंटेनर वापरू लागलेल्या बहुतेक चमूंची सुरुवात एका मोठ्या इमेजने, म्हणजे कंटेनर ज्यावरून सुरू होतो त्या साधनांच्या तयार संचाने, होते. डेबियन लिनक्सचा पाया घ्यायचा, त्यावर पायथन, नोड, पोस्टग्रेस डेटाबेसची क्लायंट साधने, शेल स्क्रिप्ट तपासणारे शेलचेक, कागदपत्रांचे रूपांतर करणारे पॅनडॉक आणि त्याला पीडीएफच्या मांडणीसाठी लागणारे लाटेक असे गरज पडेल तसे चढवत जायचे आणि नव्याने आलेल्या सहकाऱ्याला सांगायचे की ही इमेज घ्या, हिच्यात सगळे आहे. पहिले काही महिने हे सोयीचेच असते. अडचण येते ती त्यातले एखादेच साधन बदलण्याची वेळ येते तेव्हा.

माझी अशी इमेज डेबियन १२ वर, म्हणजे जून २०२३ मध्ये आलेल्या ‘बुकवर्म’वर बेतलेली होती. बुकवर्मच्या पॅकेज भांडारात पोस्टग्रेसची १५वी आवृत्ती आणि पायथन ३.११ आहे. आमचा डेटाबेस सर्व्हर १६व्या आवृत्तीवर गेला आणि त्याच दिवशी डेटाबेसची प्रत, म्हणजे डम्प, काढणाऱ्या पीजी_डम्पने काम नाकारले, कारण स्वतःपेक्षा वरच्या मुख्य आवृत्तीच्या सर्व्हरचा डम्प ते घेतच नाही. हे एक साधन पुढे न्यायचे म्हणून इमेजचा पाया बदलावा, तर पायथनही बदलते. पायथन बदलले की लायब्ररी पुन्हा तपासाव्या लागतात. आणि त्या भरात पॅनडॉकची नवी आवृत्ती आल्यामुळे कागदपत्रांची मांडणी हलते. बाहेरचे एखादे भांडार जोडून त्या दिवसापुरती वाट काढता येते आणि मीही ती काढली, पण एका छपराखाली राहणारी साधने एकमेकांच्या आवृत्त्यांना बांधली जातात ही मूळ अडचण तशीच राहिली. वेगळ्या इमेज केल्याने जागा थोडी वाचते खरी. मला मात्र मोठा लाभ वाटतो तो हा की एक साधन बदलताना उरलेल्या साधनांना हात लावावा लागत नाही.

हा लेख डॉकर बसवलेले आहे, एखादा कंटेनर चालवून पाहिलेला आहे आणि डॉकरफाइल म्हणजे काय हे साधारण ठाऊक आहे, अशा वाचकासाठी आहे. आज्ञा येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करावयाच्या आहेत.

आधी थरांविषयी थोडेसे

इमेज ही थरांची चळत असते. डॉकरफाइलमधील फाइली बदलणारी प्रत्येक ओळ, म्हणजे ‘रन’, ‘कॉपी’ किंवा ‘ॲड’, एक नवा थर तयार करते आणि खालचा थर त्यानंतर बदलत नाही. म्हणून एका ओळीत मोठे पॅकेज बसवून पुढच्या ओळीत ते काढून टाकले, तरी इमेजचा आकार कमी होत नाही. खालच्या थरात ते पॅकेज तसेच असते, वरचा थर फक्त त्याच्यावर पडदा टाकतो. दुसरी गोष्ट म्हणजे एखादी ओळ बदलली की ती आणि तिच्यानंतरच्या सर्व ओळी पुन्हा चालवाव्या लागतात. मोठ्या इमेजमध्ये वरच्या बाजूला लाटेक बसवलेले असेल आणि त्याच्याही आधीच्या ओळीत कोणी एक छोटे पॅकेज घातले, तर लाटेकचे शेकडो मेगाबाइट पुन्हा उतरवून घेताना दुपारचा चहा होतो.

थरांमुळे विभागणी महागही पडत नाही. पाच इमेज एकाच पायावर बांधल्या असतील, तर तो पाया डिस्कवर एकदाच साठवला जातो. त्यामुळे पाच इमेजच्या आकारांची बेरीज पाहून घाबरू नये. ‘डॉकर सिस्टिम डीएफ -व्ही’ ही आज्ञा सामायिक आकार किती आणि त्या इमेजचा स्वतःचा किती हे वेगवेगळे दाखवते.

पहिली पायरी: साधन काय वाचते ते पाहणे

नवखी व्यक्ती येथे प्रत्येक साधनाला एक इमेज असा सरळ हिशोब करते आणि चार दिवसांत कंटाळते. माझ्या मते विभागणीची रेघ साधनाच्या नावावरून ओढू नये. ते साधन काम करताना काय वाचते, यावरून ओढावी. एक कागद घेऊन प्रकल्पातली सगळी साधने लिहून काढली, तर ती बहुधा तीन गटांत बसतात.

काही साधने फाइलीतला मजकूर तेवढा वाचतात. शेलचेकला शेल स्क्रिप्ट दिली की पुरे. तुमच्या प्रकल्पात कोणत्या लायब्ररी आहेत याच्याशी त्याला घेणेदेणे नाही. डॉकरफाइल तपासणारे हॅडोलिंट, मार्कडाउनचे पीडीएफ करणारे पॅनडॉक ही त्याच जातीची. ही सर्वांत सहज वेगळी होतात आणि सुरुवात यांच्यापासूनच करावी.

काही साधने एखाद्या सर्व्हरशी बोलतात. पीएसक्यूएल, पीजी_डम्प, रेडिस-सीएलआय यांची आवृत्ती तुमच्या कोडवर अवलंबून नसते, समोरच्या सर्व्हरवर असते. त्यांची इमेजही सर्व्हरच्या आवृत्तीशी बांधलेली असावी.

तिसऱ्या गटातील साधनांना तुमच्या प्रकल्पाच्या लायब्ररी डोळ्यांसमोर लागतात. पायटेस्ट चाचण्या चालवताना तुमचे कोड प्रत्यक्ष आयात करते. मायपाय प्रकार तपासताना बसवलेल्या पॅकेजांत डोकावते. ईएसलिंटची प्लगिने प्रकल्पाच्या नोड_मॉड्यूल्समध्ये असतात. यांना वेगळ्या इमेजमध्ये नेले, तर त्या प्रत्येक इमेजमध्ये सगळ्या लायब्ररी पुन्हा बसवाव्या लागतात आणि एका ठिकाणची आवृत्ती दुसऱ्या ठिकाणापेक्षा पुढेमागे झाली की ‘माझ्याकडे चालते’ हा जुना वाद पुन्हा सुरू होतो. हा गट भाषेच्या मूळ इमेजमध्ये एकत्र राहू द्यावा.

दुसरी पायरी: तयार असेल ते बांधत बसू नये

पीजी_डम्पसाठी स्वतंत्र डॉकरफाइल लिहिण्याची गरज मला पडली नाही, कारण पोस्टग्रेसच्या अधिकृत इमेजमध्ये सर्व्हरच्या जोडीला क्लायंट साधनेही असतात. सर्व्हर ‘पोस्टग्रेस:१६’ या इमेजवर चालत असेल, तर डम्पही त्याच इमेजमधून घ्यावा. सर्व्हर पुढे गेला की टॅगमधील, म्हणजे इमेजच्या नावात ‘:’नंतर येणाऱ्या भागातील, एक आकडा बदलला की काम झाले. शेलचेक, हॅडोलिंट आणि पॅनडॉक यांच्याही तयार इमेज त्या त्या प्रकल्पाकडून प्रसिद्ध होतात.

तयार इमेज घेताना टॅग नीट लिहावा. ‘लेटेस्ट’ हे नाव फसवे आहे. टॅग न दिल्यास डॉकर हेच नाव गृहीत धरतो आणि ते आज एका इमेजकडे, तर उद्या दुसरीकडे बोट दाखवू शकते; शिवाय तुमच्या संगणकावर ते नाव आधीच असेल तर डॉकर नवी इमेज आणायला जातही नाही, म्हणून दोन सहकाऱ्यांच्या ‘लेटेस्ट’ दोन वेगळ्या असू शकतात. आवृत्तीचा पूर्ण आकडा लिहावा, आणि जेथे अक्षरशः तीच इमेज हवी तेथे एसएचए२५६ने सुरू होणारा डायजेस्ट (इमेजच्या आशयावरून काढलेला ठसा) लिहावा, कारण टॅग हलवता येतो आणि डायजेस्ट हलवता येत नाही.

तिसरी पायरी: पहिले साधन वेगळे काढणे

शेलचेकपासून सुरुवात करू. प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये उभे राहून पुढील आज्ञा द्यावी:

डॉकर रन --आरएम -व्ही "$पीडब्ल्यूडी":/एमएनटी:आरओ कोआलामन/शेलचेक:व्ही०.१०.० बॅकअप.एसएच

एकेक भाग पाहू. ‘--आरएम’ म्हणजे काम संपताच कंटेनर काढून टाकावा. हे विसरल्यास थांबलेल्या कंटेनरांचा ढीग साचत जातो. ‘-व्ही’ने आपले सध्याचे फोल्डर कंटेनरमधील ‘/एमएनटी’ या जागी जोडले. या इमेजचे कामाचे फोल्डर तेच ठरवलेले आहे, म्हणून ते वेगळे सांगावे लागले नाही. इतर इमेजसाठी ‘-डब्ल्यू’ या पर्यायाने ते सांगावे लागते. शेवटचे ‘:आरओ’ म्हणजे हे फोल्डर केवळ वाचण्यासाठी आहे. शेलचेक काही लिहीत नाही, मग त्याला लिहिण्याची मुभा कशासाठी द्यायची? मोठ्या इमेजमध्ये हा बारकावा साधत नाही, कारण तिच्यातल्या एखाद्या साधनाला लिहिण्याची परवानगी लागतेच आणि मग ती सगळ्यांनाच मिळते.

आज्ञेच्या शेवटी ‘शेलचेक’ हे साधनाचे नाव पुन्हा लिहिले नाही, याकडे लक्ष द्यावे. इमेजच्या ‘एंट्रीपॉइंट’मध्ये ते आधीच लिहिलेले आहे, त्यामुळे पुढे दिलेले शब्द थेट साधनाला मिळतात. ‘सीएमडी’ची गोष्ट वेगळी असते: तेथे लिहिलेली आज्ञा ही आपण काही न सांगितल्यास वापरायची सूचना असते आणि आपण शेवटी काहीही लिहिले की ती पूर्ण बाजूला सारली जाते. एका साधनाच्या इमेजला एंट्रीपॉइंट शोभतो.

याच इमेजमध्ये शिरून पाहावे म्हणून अनेक जण शेल सुरू करण्याचा प्रयत्न करतात आणि शेल सापडत नाही असा दोष येतो. इमेज बिघडलेली नसते. ती रिकाम्या पायावर बांधलेली आहे आणि तिच्यात शेलचेकची फाइल तेवढी आहे. शेल नाही, एलएस नाही, काही नाही.

चौथी पायरी: फाइलींची मालकी

साधन फाइली लिहू लागले की लिनक्सवर पहिला खरा चटका बसतो. कंटेनरमधील प्रक्रिया वेगळे काही सांगितले नसेल तर रूट (सर्व अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून चालते आणि जोडलेल्या फोल्डरमध्ये ती ज्या फाइली करते त्यांची मालकी तुमच्या संगणकावरही रूटकडेच जाते. मग तयार झालेली पीडीएफ पुसायलाही सुडो लागते. कंटेनर म्हणजे वेगळे यंत्र नव्हे. तो तुमच्याच कर्नलवर चालतो आणि कर्नलला माणसाचे नाव कळत नाही, फक्त क्रमांक कळतो. उपाय सोपा आहे: आपला क्रमांक सोबत द्यावा.

--यूझर "$(आयडी -यू):$(आयडी -जी)"

हा पर्याय लावल्यावर दोन गमती होतात. कंटेनरच्या पासवर्ड फाइलीत तुमच्या क्रमांकाचे कोणीच नसते, म्हणून बॅश सुरू केल्यास प्रॉम्प्टवर ‘आय हॅव नो नेम!’ असे दिसते. ते केविलवाणे असले तरी निरुपद्रवी आहे. दुसरी गंमत त्रासाची आहे. नाव नाही म्हणून घरचे फोल्डर नाही, आणि घरी कॅशे लिहू पाहणारी साधने परवानगी नाही म्हणून थांबतात. ‘-ई होम=/टीएमपी’ एवढे दिल्याने बहुतेकांचे समाधान होते.

गिटच्या बाबतीत उलट बाजूने तोच प्रश्न येतो. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या २.३५.२ या आवृत्तीपासून गिट दुसऱ्याच्या मालकीच्या रेपॉझिटरीत काम करण्यास नकार देते आणि मालकी संशयास्पद असल्याचे सांगते. कंटेनरमध्ये रूट म्हणून चाललेल्या गिटला तुमचे फोल्डर परक्याचे वाटते. संदेशातच ‘सेफ.डिरेक्टरी’ची आज्ञा सुचवलेली असते आणि बहुतेक जण ती डोळे झाकून चिकटवतात. आपल्या क्रमांकाने कंटेनर चालवला असता तर ती लागलीच नसती.

डॉकरऐवजी पॉडमन रूटविना चालवत असाल, तर क्रमांकांची जुळणी वेगळ्या रीतीने होते आणि तेथे ‘--यूझरएनएस=कीप-आयडी’ हा पर्याय वापरावा. फेडोरासारख्या, एसईलिनक्स ही सुरक्षा व्यवस्था चालू असलेल्या प्रणालीवर जोडलेल्या फोल्डरच्या शेवटी ‘:झेड’ लावावा लागतो, नाहीतर मालकी बरोबर असूनही वाचता येत नाही. मॅक आणि विंडोजवर डॉकर डेस्कटॉप आपल्या आत एक लिनक्सचे आभासी यंत्र चालवतो, त्यामुळे मालकीचा हा त्रास तेथे सहसा जाणवत नाही.

पाचवी पायरी: स्वतःची इमेज, मराठी कागदपत्रांसाठी

आमच्या प्रकल्पाची वापरपुस्तिका मराठीत आहे आणि ती मार्कडाउनमधून पीडीएफ होते. तयार इमेजने येथे भागले नाही आणि म्हणून हे उदाहरण सविस्तर सांगतो. डॉकरफाइल एवढीच आहे:

फ्रॉम डेबियन:बुकवर्म-स्लिम
एनव्ही लँग=सी.यूटीएफ-८
रन ॲप्ट-गेट अपडेट && ॲप्ट-गेट इन्स्टॉल -वाय --नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स पॅनडॉक टेक्सलाइव्ह-झेटेक टेक्सलाइव्ह-लाटेक-रेकमेंडेड एलमॉडर्न फॉन्टकॉन्फिग फॉन्ट्स-लोहित-देवा && आरएम -आरएफ /व्हार/लिब/ॲप्ट/लिस्ट्स/*
वर्कडर /वर्क
एंट्रीपॉइंट ["पॅनडॉक"]

अपडेट, इन्स्टॉल आणि साफसफाई ही तिन्ही कामे एकाच ‘रन’मध्ये आहेत. साफसफाई वेगळ्या ओळीत नेली तर थरांच्या नियमाप्रमाणे ती निरर्थक ठरते. आणि अपडेट वेगळ्या ओळीत ठेवले तर महिन्याभराने इन्स्टॉलची ओळ बदलल्यावर डॉकर अपडेटचा जुना थर कॅशेमधून उचलतो, जुन्या यादीतील पॅकेजे आता भांडारात नसतात आणि चारशेचारचा दोष येतो.

‘नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स’मुळे आकार बराच कमी राहतो, पण शिफारशीने येणारी पॅकेजे आपल्याला आठवून लिहावी लागतात. यादीत एलमॉडर्न हे नाव त्यामुळेच आहे. ते नसल्यास ‘एलमॉडर्न.एसटीवाय सापडली नाही’ असे म्हणून पीडीएफ अडते. याउलट टेक्सलाइव्ह-फुल हे पॅकेज घ्यावे तर सगळे मिळते, पण काही जीबींचे ओझे घेऊन.

फॉन्टची गोष्ट आपल्या लोकांना हमखास अडवते. तुमच्या संगणकावर देवनागरी फॉन्ट डझनभर असतील, कंटेनरला त्यातला एकही दिसत नाही, आणि पीडीएफमध्ये अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन किंवा कोरी जागा येते. इमेजमध्ये मराठीसाठी कोणते फॉन्ट आहेत हे ‘एफसी-लिस्ट :लँग=एमआर’ या आज्ञेने कळते; या इमेजचा एंट्रीपॉइंट पॅनडॉक असल्यामुळे ती ‘--एंट्रीपॉइंट एफसी-लिस्ट’ असे सांगून चालवावी लागते. फॉन्ट सापडला तरी पुढचा सापळा आहे. पीडीएफ मांडणाऱ्या झेलाटेकला लिपी सांगितली नाही तर ते अक्षरे लॅटिनसारखी एकामागून एक मांडते, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न येता मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरे फुटतात. म्हणून पॅनडॉकला तीन गोष्टी सांगाव्यात: ‘--पीडीएफ-इंजिन=झेलाटेक’, ‘-व्ही मेनफॉन्ट="लोहित देवनागरी"’ आणि ‘-व्ही मेनफॉन्टऑप्शन्स="स्क्रिप्ट=देवनागरी"’. येथील ‘-व्ही’ हा मोठ्या लिपीतला आहे, डॉकरचा फोल्डर जोडणारा नव्हे.

‘लँग’ची ओळही सजावटीची नाही. डेबियनच्या मूळ इमेजमध्ये भाषेची मांडणी ठरवलेली नसते. अशा कंटेनरमध्ये शेल उघडून ‘एलएस’ केले की मराठी नावांच्या फाइलींऐवजी तिरक्या रेघा आणि आकड्यांच्या माळा दिसतात. तसाच वेळेचा प्रश्न आहे. कंटेनरमधले घड्याळ यूटीसीत चालते, म्हणून पहाटे पाचला केलेल्या पीडीएफवर आदल्या दिवसाची तारीख पडू शकते; ‘टीझेड=एशिया/कोलकाता’ दिल्याने साडेपाच तासांचा हा फरक जातो, मात्र अल्पाइनसारख्या छोट्या इमेजमध्ये त्यासाठी टीझेडडेटा हे पॅकेज आधी बसवावे लागते.

सहावी पायरी: भाषेची इमेज आणि तिचे टप्पे

तिसऱ्या गटातील साधने एकत्र ठेवायची असली, तरी ती सर्व्हरवर जाणाऱ्या इमेजमध्ये जाऊ नयेत. डॉकरच्या १७.०५ या आवृत्तीत, म्हणजे २०१७ मध्ये, एकाच डॉकरफाइलीत अनेक टप्पे लिहिण्याची सोय आली आणि हे काम सोपे झाले. मी तीन टप्पे ठेवतो. ‘बांधणी’ या टप्प्यात जीसीसी आणि लिबपीक्यू-डेव्ह बसवून पायथनच्या लायब्ररी ‘/ऑप्ट/व्हेन्व’मध्ये घालतो, ‘चाचणी’ हा टप्पा त्याच्यावरच उभा राहून पायटेस्ट आणि मायपाय जोडतो, आणि ‘अंतिम’ टप्पा स्वच्छ पायथन स्लिम इमेजपासून सुरू होऊन केवळ ‘/ऑप्ट/व्हेन्व’ उचलून घेतो. रोजच्या कामासाठी ‘डॉकर बिल्ड --टार्गेट चाचणी’ आणि प्रकाशनासाठी ‘--टार्गेट अंतिम’. टप्प्यांची नावे प्रत्यक्षात रोमन अक्षरांत द्यावी लागतात, हे ओघाने आलेच.

येथे एक चूक इतकी नेमाने होते की ती आधीच सांगून ठेवतो. सायकोपीजी२ (पायथनला पोस्टग्रेसशी जोडणारी लायब्ररी) बांधताना लिबपीक्यू-डेव्ह लागते, पण चालतानाही लिबपीक्यू५ लागते. अंतिम टप्प्यात ते बसवायचे राहिले, तर इमेज बिनतक्रार बांधली जाते आणि पहिल्या आयातीलाच ‘लिबपीक्यू.एसओ.५’ उघडता येत नाही म्हणून कोसळते. बांधणी डेबियनवर आणि अंतिम टप्पा अल्पाइनवर, असा मेळही घालू नये. डेबियनमध्ये जीलिबसी ही मूळ सी लायब्ररी आहे आणि अल्पाइनमध्ये मसल. एकावर बांधलेली मशीन कोडची लायब्ररी दुसऱ्यावर सहसा चालत नाही. अल्पाइनचा पाया अवघ्या काही एमबींचा असतो हे आकर्षक आहे, पण पायथनच्या कामात त्या आकर्षणाची किंमत काही लायब्ररी नव्याने बांधण्यात मोजावी लागू शकते. मी स्लिम घेतो.

सातवी पायरी: लांब आज्ञांना छोटी नावे

इतकी लांब आज्ञा रोज कोणी टाइप करणार नाही, आणि करू नये. रेपॉझिटरीतच ‘बिन’ नावाचे फोल्डर करून त्यात प्रत्येक साधनाची दोन-तीन ओळींची स्क्रिप्ट ठेवावी. स्क्रिप्टच्या शेवटी "$@" अवतरणांसह लिहावे, नाहीतर नावात मोकळी जागा असलेली फाइल दोन तुकड्यांत पोहोचते. ‘बिन/शेलचेक’, ‘बिन/पॅनडॉक’, ‘बिन/पीजी_डम्प’ अशी नावे ठेवली की वापरणाऱ्याला आत कंटेनर आहे हे जाणवतही नाही, आणि इमेजचा टॅग एकाच जागी लिहिलेला राहतो. शेल ॲलिअसपेक्षा हे बरे, कारण ॲलिअस प्रत्येकाच्या संगणकावर वेगळे होते आणि स्वयंचलित चाचण्यांना दिसत नाही.

या स्क्रिप्टांत ‘-आयटी’ हे पर्याय सवयीने चिकटवले जातात, आणि माझा सर्वांत महाग धडा तेथलाच आहे. मी पीजी_डम्पच्या स्क्रिप्टमध्ये ‘-टी’ ठेवला होता आणि डम्पचा मजकूर ‘>’ या चिन्हाने फाइलीत वळवत होतो. फाइल तयार होत होती, आकार योग्य वाटत होता, दोष कोठेही दिसत नव्हता. काही दिवसांनी तीच फाइल परत भरण्याची वेळ आली तेव्हा पीजी_रिस्टोअरने तिला हात लावायला नकार दिला. ‘-टी’मुळे कंटेनरला आभासी टर्मिनल मिळते आणि ते टर्मिनल ओळ संपल्याच्या प्रत्येक खुणेआधी आणखी एक बाइट घुसडते, साध्या मजकुरात हे खपून जाते, पण कस्टम प्रकारच्या डम्पमध्ये अशा बाइटांनी सगळी फाइल नासते. त्या वेळी जुना डम्प हाताशी होता म्हणून निभावले. तेव्हापासून ‘-टी’ मी फक्त समोरासमोर बोलणाऱ्या साधनांना, म्हणजे पीएसक्यूएल किंवा पायथनच्या प्रॉम्प्टला देतो, आणि तोही बाहेर जाणारा मजकूर खरोखर टर्मिनलकडे जातो आहे का हे स्क्रिप्टमध्ये ‘[ -टी १ ]’ने तपासून. पाइपमधून काही आत द्यायचे असेल तर फक्त ‘-आय’ पुरे.

साधनाचा परतावा-आकडा डॉकर जसाच्या तसा पुढे देतो, म्हणून शेलचेकने चूक शोधली की स्क्रिप्टही अपयशी ठरते आणि स्वयंचलित तपासणी थांबते. अपवाद तीन: १२५ म्हणजे डॉकरलाच कंटेनर सुरू करता आला नाही, १२६ म्हणजे आज्ञा सापडली पण चालवता आली नाही आणि १२७ म्हणजे आज्ञा सापडलीच नाही. हे आकडे दिसले तर दोष आपल्या कोडमध्ये शोधत बसू नये.

जाळे, कॅशे आणि किल्ल्या

कंटेनरमधील ‘लोकलहोस्ट’ म्हणजे तो कंटेनर स्वतः. संगणकावर चाललेल्या डेटाबेसकडे त्या नावाने जाता येत नाही, आणि जोडणी नाकारल्याचा दोष पाहून लोक पासवर्ड बदलत बसतात. डेटाबेसही कंटेनरमध्ये असेल, तर दोन्ही कंटेनर आपण तयार केलेल्या एकाच डॉकर नेटवर्कवर ठेवावेत आणि सर्व्हरला कंटेनरच्या नावाने हाक मारावी. अनेक कंटेनर एकत्र चालवणारे कंपोज वापरत असाल तर ही जोडणी आपोआप होते.

दर वेळी नवा कंटेनर म्हणजे दर वेळी रिकामे कॅशे. पिप किंवा एनपीएम प्रत्येक खेपेला सगळे उतरवून घेऊ लागले तर विभागणी दोन दिवसांत गुंडाळली जाईल. त्यांच्या कॅशेच्या फोल्डरला नाव दिलेला व्हॉल्यूम (कंटेनर गेला तरी टिकणारी साठवण) जोडावा. नोड_मॉड्यूल्स मात्र मॅकवरून कंटेनरमध्ये जोडू नये, कारण त्यात मॅकसाठी बांधलेला मशीन कोड असू शकतो.

एसएसएचच्या किल्ल्या आणि टोकन इमेजमध्ये कधीही कॉपी करू नयेत. पुढच्या ओळीत पुसल्या तरी खालच्या थरातून त्या कोणालाही काढता येतात. लागतील तेव्हा चालवताना केवळ वाचनासाठी जोडाव्यात, आणि प्रत्येक प्रकल्पात डॉकरइग्नोर फाइल ठेवून ‘.ईएनव्ही’सारख्या फाइली बांधणीच्या वाटेत येऊच देऊ नयेत. डॉकरचे सॉकेट (डॉकरला आज्ञा देण्याचे दार) एखाद्या साधनाच्या कंटेनरला जोडण्याची सूचना कोठे वाचलीत, तर ते त्या साधनाला तुमच्या संपूर्ण संगणकाचा रूट देण्यासारखे आहे, हे लक्षात घेऊन मगच ठरवावे.

कोठे थांबावे

काही साधने वेगळी करून मी परत आणली. कोड एडिटरचा लँग्वेज सर्व्हर (कोड लिहिताना सुचवणारा आणि चुका दाखवणारा) हे त्यातले ठळक उदाहरण: त्याला प्रकल्पाच्या लायब्ररी हव्यात, तो दिवसभर चालू राहतो आणि फाइलींचे मार्ग एडिटरला दिसतात तेच त्याला दिसावे लागतात, त्याची जागा भाषेच्या इमेजमध्येच आहे. सेकंदाला दहा वेळा बोलावले जाणारे छोटे साधनही वेगळे काढू नये, कारण कंटेनर सुरू होण्याचा अर्धाएक सेकंद एकदा जाणवत नाही, हजार वेळा जाणवतो. गिट मी आजवर कंटेनरमध्ये नेलेले नाही. ते जवळजवळ प्रत्येक संगणकावर असते आणि त्याच्या आवृत्तीवरून माझे कधी काही अडले नाही.

जुनी मोठी इमेज पहिल्याच दिवशी काढून टाकू नये. एकेक साधन बाहेर काढावे, त्याची ‘बिन’मधील स्क्रिप्ट सगळ्यांनी आठवडाभर वापरावी, मगच मोठ्या डॉकरफाइलीतील त्याची ओळ पुसावी आणि इमेज पुन्हा बांधून काही तुटते का ते पाहावे. आमच्याकडे या रीतीने पाच साधने बाहेर पडली. सहाव्या वेळी ओळ पुसल्यावर रात्रीची बॅकअप स्क्रिप्ट थांबली, कारण ती त्या इमेजमधील आणखी एक साधन गृहीत धरून लिहिलेली होती आणि हे कोणाच्या कागदावर आलेच नव्हते. ते नाव यादीत घालून आम्ही ती ओळ तात्पुरती परत लिहिली.